तिघांची केबिन

४ मार्च

वन्सं,

आधी 'प्रिय' लिहिलं नाही. लिहून खोडण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

पत्र कामाचं आहे. बोटीच्या कंपनीनं कळवलंय की मे महिन्यातल्या आपल्या सफरीची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली. चूक त्यांची, पण कागदावर शब्द इतके गोड की वाचताना आपल्याच हातून काहीतरी सांडलंय असं वाटतं. काही प्रवाशांनी आपणहून दुसऱ्या सफरीवर जावं, अशी त्यांची विनंती आहे. ती बोट दोन आठवड्यांनी सुटते. नवी कोरी आहे, केबिनला गॅलरी मिळेल आणि जेवायला खिडकीजवळचं टेबल देतील. नाहीतर पैसे परत घेऊन घरी बसा. यातलं काहीच नको असेल तर मूळच्या सफरीवर अडून राहायचं, पण मग आपल्याला हवी तशी केबिन मिळेलच याची खात्री ते देत नाहीत.

दोन्हींत फरक एवढाच की मूळची बोट किनाऱ्या-किनाऱ्यानं जाते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या लहानपणच्या बंदरावरून जाते. थांबत नाही, नुसती पुढे जाते. नवी बोट सरळ बेटांकडे निघते.

बुकिंग एकत्र असल्यामुळे सगळ्यांची संमती लागते. माझ्या एकटीच्या सहीवर भागेल का, हे मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. भागलं असतं तर हे पत्र निघालंच नसतं.

मला दोन्ही सारखंच. गॅलरी बरी, असं लेक म्हणते.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं. पण तुमचा आवाज कानावर पडला तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

सोबतच्या कागदावर खूण करून परत पाठवा. तब्येत ठीक असेलच.

वहिनी


१६ मार्च

वन्सं,

उत्तर मिळालं. तुमच्या लॉन्ड्रीच्या पावतीच्या मागे लिहिलंत. पुढच्या बाजूला कुणाचे तरी दोन कोट आणि एक जाड पडदा होता. त्या बिचाऱ्याला ते परत मिळाले असतील अशी आशा आहे.

'मूळचीच बोट' एवढं लिहून थांबला असतात तर बरं झालं असतं. पण खाली तुम्ही विचारलंत, "कंपनीच्या मुलीचा मला फोन आला होता. तिन्ही प्रवाशांची संमती हवी म्हणाली. वहिनी, हा तिसरा कोण?"

तिसरा कोण, हे तुम्ही मला विचारता?

बुकिंग ह्यांनी केलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. कसं केलं ते माहीत नसेल. डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि हे समोर कागद पसरून. मला म्हणाले, "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. वर आणि खाली, वर आणि खाली. आता जरा आडवं लांब जाऊ." मी म्हटलं, दोघंच? तर म्हणाले, "छे, बगळ्याची बहीण नको का? तिला विचारू नकोस हं, आधी नाही म्हणेल, मग कपडे इस्त्रीला टाकेल." मी तेव्हा थोडी रुसले होते, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांनी कुठे जायचं, तर त्यात नणंद. पण ह्यांनी तिघांच्या केबिनचा नकाशा माझ्यापुढे धरला आणि बोटानं दाखवलं, "ही तुझी जागा, ही तिची, आणि मी हा असा मधे. दोन्हीकडून बोलणी खायला." आणि हसले. तुमच्या घराण्याचं ते हसणं, आवाज नाही आणि खांदे तेवढे हलतात.

मग जानेवारीत ते झालं. सकाळी बेसिनपाशी, दाढीचा साबण अर्ध्या गालावर.

त्यानंतर तुम्ही आलात, आठवडाभर राहिलात. लोकांना चहा दिलात, माझ्या तोंडात घास घातलात, हे मी विसरलेले नाही. पण त्या गुरुवारी मी कचेरीतून ह्यांचा दाखला घेऊन परत आले आणि फाटकातून पाहिलं, तर सगळी दोरी ह्यांच्या कपड्यांनी भरलेली. सदरे, पायजमे, तो मफलर, उशीचा अभ्रा, चादर. सगळं पांढरंशुभ्र, ताठ, उन्हात फडफडत होतं. घरात साबणाचा वास. कपाट उघडलं तरी साबणाचाच वास.

मी तुम्हाला काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. "तुम्ही माझ्या घरातून त्यांना धुऊन काढलंत," असं म्हटलं. बॅग उचलून दारात ठेवली. तुम्ही एक शब्द न बोलता गेलात. तो एक शब्द बोलला असतात तर आपण भांडलो असतो, आणि भांडून मोकळ्या झालो असतो.

तर तिसरं नाव ह्यांचं आहे. मी ते काढलेलं नाही. कंपनीची मुलगी विचारते, "तिन्ही प्रवासी येणार ना?" मी म्हणते, हो. लेकीला हे माहीत नाही. तिला सांगू नका.

काढणारही नाही.

वहिनी


२९ मार्च

वन्सं,

या वेळी कोऱ्या कागदावर लिहिलंत, आणि चांगलं चार पानं. मी दोनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून.

त्या गुरुवारचं तुम्ही लिहिलंय, "माझ्या हातांना दुसरं काही येत नाही, वहिनी. हॉस्पिटलच्या धुलाईत होते तेव्हा कुणी गेलं की आम्हाला खोलीतली चादर यायची. आम्ही ती धुवायचो. त्यातच आमचं रडणं असायचं. दादाचे कपडे दुसऱ्या कुणी धुतले असते तर मला चाललं नसतं." मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, तुम्ही घर आवरलंत. तुम्ही त्यांना निरोप देत होतात, आणि मी फाटकातून ओरडत आले.

तरी माझा राग पुरता गेलेला नाही, हेही सांगून ठेवते. तो मफलर तरी ठेवायचा होतात.

तुमच्या बंदराचं लिहिलेलं मात्र पुन्हा वाचणार आहे. बंदरामागची ती कामगारांची घरं, सगळ्यांना मिळून एक नळ. तुमचे वडील बोटींच्या बुडाला रंग द्यायचे आणि संध्याकाळी घरी येताना पायांचे लाल ठसे उमटत यायचे. प्रवासी बोट आली की तुम्ही दोघं धक्क्याच्या भिंतीवर, आणि हे एका पायावर उभे, म्हणून बगळा. मला एवढंच माहीत होतं की सगळे मित्र ह्यांना बगळा म्हणायचे. मी आपली समजत होते, मानेवरून असेल.

आता कामाचं.

परवा सकाळी कंपनीच्या मुलीचा फोन आला. आवाज तरुण, पण दमलेला. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन गोड बोलायचं म्हणजे काय असतं, ते मला नका सांगू. ती म्हणाली, "मॅडम, अडचण तिघांच्या केबिनची आहे. त्याच जास्त विकल्या गेल्यात. एक दोघांची केबिन मात्र आज रिकामी झालीय. खालच्या मजल्यावर आहे, गोल खिडकीची. तुम्ही दोघी असतात तर याच सफरीवर लगेच दिली असती, आणि भाड्यातही सूट मिळाली असती."

मी म्हटलं, "आम्ही तिघं आहोत."

"हो ना. म्हणून म्हणते, मग नवी बोटच घ्या. गॅलरी आहे."

"गॅलरीत बसून बघायचं काय? आमचं बंदर त्या वाटेवर नाही."

आमचं म्हटलं मी. तोंडातून निघून गेलं.

तिनं पुन्हा यादी चाळली. मग म्हणाली, "तिघांत कुणाचं रद्द होण्याची शक्यता आहे का? बघा विचारून. मी शुक्रवारपर्यंत ती केबिन धरून ठेवते. साहेबांना सांगू नका."

मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

वन्सं, तुम्ही विचाराल, एवढं काय आहे त्यात. दाखला काढला, बँकेतून नाव गेलं, पेन्शनचे कागद झाले. त्या सगळ्या ठिकाणी ह्यांचं नाव जुन्या गोष्टींवर होतं. झालेल्या, संपलेल्या. पुढच्या गोष्टीवर ह्यांचं नाव असलेली ही एकच जागा आहे. मे महिन्यात हे कुठेतरी जाणार आहेत, असं या जगात एका ठिकाणी अजून लिहिलेलं आहे. ते मी कसं खोडू?

तुम्ही म्हणाल तर नव्या बोटीवर जाऊ. पण तुमच्या पत्रातली ती भिंत वाचल्यावर मला ते म्हणवत नाही. तुम्हीच तो फोन कराल का? तुमचाही भाऊ होता.

नाही. मीच करते.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

फोन केला.

तीच मुलगी होती. मी म्हटलं, ती गोल खिडकीची केबिन आम्हाला द्या. ती म्हणाली, "म्हणजे दोघीच? तिसऱ्या प्रवाशांचं नाव कमी करू? कारण टाकावं लागतं, मॅडम. आजारपण, की काही काम?"

मी म्हटलं, "वारले."

हा शब्द मी आजवर उच्चारला नव्हता. 'ते नाहीत' म्हणायचे, 'गेले' म्हणायचे. भाजीवाला विचारायचा, साहेब दिसत नाहीत, तर मी चक्क "बाहेरगावी आहेत" असंही सांगितलंय. खरं ते त्या न पाहिलेल्या मुलीला सांगितलं.

ती गप्प झाली. मला वाटलं आता वाट बघायला लावतील, ते पिपाणीसारखं गाणं लागेल. लागलं नाही. मला तिच्या मागच्या खोलीचा आवाज येत होता, दुसऱ्या मुली बोलत होत्या, कुणाची तरी खुर्ची सरकली. एक्स्चेंजमध्ये आम्हाला सक्त ताकीद असायची, जोडून दिलं की कान काढायचा. पण कधीकधी पलीकडचं माणूस रडायला लागलं की आम्ही काढत नसू. ऐकायला नव्हे. नुसतं कुणीतरी असावं म्हणून. ती तशी थांबली होती, मी ओळखलं.

मग हळूच म्हणाली, "काकू, मी आहे. सावकाश सांगा."

मॅडमची काकू झाले.

"त्यांनीच बुकिंग केलं होतं," मी म्हटलं. "बहिणीसाठी."

"मी काढू ना नाव? की उद्या करू? उद्याही चालेल तसं."

"नको. आत्ताच काढा."

एक बटण दाबल्याचा आवाज आला. एवढाच. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. तिनं विचारलं, दोन पलंग वेगळे हवेत की जोडून? मी म्हटलं, वेगळे, माझी नणंद घोरते.

ती हसली, आणि मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र खूप वेळ खाली बसून राहिले. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

तर आपलं नक्की. मूळचीच बोट. गरम कपडे घ्या, वारा फार असतो म्हणतात. आणि इस्त्री आणू नका. तिथे असते.

तुमची वहिनी


११ जून

प्रिय वन्सं,

पोचल्याचं पत्र मिळालं. तू बोटीवरून उतरून निघताना म्हणालीस, "आता पुरे ते अहो-जाहो, मला तू म्हण." तेव्हा मी नुसती मान हलवली. समोरासमोर जमलं नसतं. कागदावर प्रयत्न करते. चुकले तर सांभाळून घ्या. बघ, चुकलेच.

मला एक राहून गेलेलं सांगायचं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपण कठड्याशी उभ्या होतो आणि समोर धुक्याची भिंत. कर्ण्यावरून कप्तान म्हणाला, डाव्या हाताला अमुक बंदर आहे, पण दिलगीर आहे, आज काही दिसणार नाही. एवढा आटापिटा करून आणलं तुला, आणि हे असं. पण तू बोट उचललंस आणि सांगायलाच लागलीस. "ती घरांची रांग. तो नळ. ती रंगाची शेड, तिच्यामागे दादा सिगारेट ओढायला शिकला. ती भिंत." इतक्या ठाम आवाजात की शेजारचे ते दुर्बीणवाले आजोबा धुक्यात इकडेतिकडे शोधायला लागले. "मला काही दिसत नाही हो," म्हणाले. तू म्हणालीस, "दुर्बीण खाली ठेवा, म्हणजे दिसेल." आणि त्यांनी खरंच ठेवली.

मी ह्यांना चाळीस वर्षं पाहिलं. पण दहा वर्षांचे असताना पहिल्यांदा पाहिले ते त्या धुक्यात.

मग तू ती गोष्ट सुरू केलीस. एक मोठी बोट धक्क्याला लागली होती. त्या बोटीत एक अशी खोली आहे जी वर जाते, असं ह्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. पायातल्या चपला काढून तुझ्या हातात दिल्या, एका हमालाच्या मागून कुणाची तरी छोटी बॅग उचलली आणि फळीवरून सरळ आत. तू खाली. चपला छातीशी धरून. बोटीचा भोंगा झाला, फळी काढायला माणसं आली, तरी हा नाही. तू रडायला लागलीस. आणि शेवटच्या क्षणी हा उडी मारून बाहेर.

इथे तू थांबलीस. म्हणालीस, "आत काय झालं ते मला आता आठवत नाही. तो सांगायचा. परत विचारायचं राहूनच गेलं." मग धुक्याचा भोंगा वाजला आणि आजोबांनी तुला पेपरमिंट दिलं.

आत काय झालं, ते मला माहीत होतं.

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण आधी डोळेच वाहायला लागले. तू मला रुमाल दिलास, तुला वाटलं वाऱ्यानं डोळे पाणावले. तर आता ऐक.

आत लिफ्ट होती. पितळी जाळीचं दार, आणि टोपीवाला एक म्हातारा लिफ्टवाला. त्यानं ह्यांना हाकललं नाही. "बॅग कुणाची?" एवढंच विचारलं. हे म्हणाले, माहीत नाही. तो हसला आणि म्हणाला, ये आत. वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला दांडा ह्यांच्या हातात दिला. सगळ्यात वरच्या मजल्यावर दार उघडलं तर समोर समुद्र. म्हातारा म्हणाला, "येतोस का आमच्याबरोबर? स्वयंपाकघरात लपवतो. दोन दिवसांनी कुणी काही म्हणत नाही." थट्टा असेल, नसेलही. ह्यांना ती खरी वाटली होती. मला सांगताना म्हणायचे, "मी जाणारच होतो. घरी काय होतं? लाल पाय आणि नळावरची भांडणं. पण वरून खाली पाहिलं तर धक्क्यावर ती उभी. मुंगीएवढी. माझ्या चपला धरून. मी गेलो असतो तर ती तिथेच उभी राहिली असती, इतकी वेडी. म्हणून उतरलो."

ही गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा सांगितली आणि नंतर कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी शेवट तोच. तुला त्यांनी तो सांगितला होता की नाही, मला ठाऊक नाही. आत काय झालं ते तुला गंमत म्हणून सांगत असतील, पण उतरले का, हे बहुधा नसेल सांगितलं. भाऊ असलं काही बहिणीला सांगत नाहीत. मला वाटलं, हे तुझ्याकडे असायला हवं. माझ्याकडे इतकी वर्षं नुसतं पडून होतं.

बाकी इकडचं. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. मोतीबिंदूच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण आठवडाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात वेळेवर थेंब घालायला घरात कुणीतरी हवं. लेक म्हणाली, मी रजा काढून येते. मी तिला म्हटलं, काही गरज नाही, माझी नणंद यायची आहे.

तुला न विचारता सांगून टाकलं. लॉन्ड्री तुझ्या हाताखालच्या त्या मुलीवर सोपव थोडे दिवस. बॅग मोठी आण, आठवड्यात परत जायची घाई नको. मागची खोली झाडून ठेवली आहे, उन्हाची बाजू तुला दिली आहे.

ये.

तुझी वहिनी